आनंद निवडावा लागतो



आज आपण तीन शब्दांवर बोलणार आहोत. आनंद, प्रार्थना आणि उपकार. शब्द ओळखीचे आहेत. ‘प्रार्थना’ या शब्दात दोन जोडाक्षरे आहेत, तेवढी जपून वाचा. बाकी वाचायला काही अवघड नाही. अवघड आहे ते वागायला.

ख्रिस्ती माणसाने रोज कसे राहावे, हे या तीन शब्दांत सांगितले आहे. मेढ्याच्या परिसरात ख्रिस्ती घरे थोडी. तुमच्यात कुणी वारकरी असेल, कुणी बौद्ध असेल, कुणी मुसलमान असेल. तरी ऐका. शेजाऱ्याच्या घरात कोणता दिवा लागतो, हे माहीत असलेले बरे. आणि उजेड काही एकट्याचा नसतो.

हे तीन शब्द एकत्र सांगितले पौल नावाच्या माणसाने. येशू ख्रिस्तानंतर वीस-एक वर्षांची ही गोष्ट. थेस्सलनीका नावाच्या शहरात काही गोरगरीब माणसे नव्याने ख्रिस्ती झाली होती. गावचे लोक त्यांना त्रास देत होते. पौलाने त्यांना पत्र लिहिले. पत्राच्या शेवटी सांगितले की, आनंद सोडू नका, प्रार्थना सोडू नका, आणि कशीही वेळ आली तरी देवाचे उपकार माना.

तुम्ही म्हणाल, सांगणाराचे काय जाते? पोट भरलेला माणूस उपाशी माणसाला सांगतो, आनंदात राहा! पण पौल तसा नव्हता. तो तंबू शिवून पोट भरणारा कष्टकरी होता. थेस्सलनीकेला येण्याआधी तो फिलिप्पै गावात होता. तिथे त्याला चौकात छड्यांनी मारले. तुरुंगात टाकले. पाय खोड्यात अडकवले. पाठ फुटलेली, झोप नाही. अशा मध्यरात्री पौल आणि त्याचा सोबती सीला प्रार्थना करत होते आणि भजने गात होते. बाकीचे कैदी ऐकत होते. ते वळ अंगावर घेऊन तो पुढच्या गावी आला. म्हणून त्याच्या शब्दाला वजन आहे.

आता आनंद म्हणजे काय, ते बघू. सुख आणि आनंद या दोन गोष्टी आहेत. सुख बाहेरून येते. पाऊस वेळेवर पडला, भात चांगले आले, भाव मिळाला, सुख झाले. पाऊस लांबला, सुख गेले. सुख आपल्या हातात नाही. आनंद मात्र माणसाला निवडावा लागतो. एकाच घरात, एकाच गळक्या छपराखाली दोन माणसे असतात. एक सकाळी उठून आढ्याला शिव्या देतो. दुसरा गळतीखाली घमेले ठेवतो, चूल पेटवतो आणि पोराला हाक मारतो. छप्पर दोघांचेही गळते. फरक आहे तो निवडीचा.

पण एक लक्षात ठेवा. आनंद निवडणे म्हणजे दुःख लपवणे नव्हे. येशूचा मित्र लाजर मेला, तेव्हा येशू त्याच्या कबरेजवळ रडला, असे नव्या करारात लिहिले आहे. रडणे म्हणजे पाप नाही. दुःखाला घराचा मालक होऊ द्यायचे नाही, एवढेच.

याचे उदाहरण फार दूर शोधायला नको. मेढ्याहून साताऱ्याला एस. टी.ने तासाभराची वाट. त्या साताऱ्यात १९१७ साली एक कवी राहायला आले. त्यांचे नाव नारायण वामन टिळक. त्यांना फुलामुलांचे कवी म्हणतात. त्यांचा जन्म १८६१ सालचा, कोकणातला. जन्माने ब्राह्मण. १८९५ साली त्यांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म घेतला. साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेल्यांनी आणि न घेतलेल्यांनीही तिथे बंधुभावाने एकत्र यावे, अशी त्यांची इच्छा होती. पुढे दोनच वर्षांनी, १९१९ साली ते वारले.

पण मला आज जास्त सांगायचे आहे ते त्यांच्या पत्नीविषयी, लक्ष्मीबाईंविषयी. कारण त्या तुमच्यासारख्याच होत्या. त्या लहानपणी शाळेत गेल्या नाहीत. त्या काळी मुलींना कोण शिकवतो? वयाच्या अकराव्या वर्षी लग्न झाले. अक्षरे शिकवली ती नवऱ्याने. तीही नेमाने नव्हे, अधूनमधून.

१८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर आभाळ कोसळले. घराणे सोवळ्याचे. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या घरी जाता येत नाही. पदरी लहान मुलगा. लोकांचे बोलणे वेगळेच. रडून रडून त्यांची प्रकृती ढासळली. अशी चार-पाच वर्षे त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. त्याच दुःखाच्या दिवसांत त्यांना कविता सुचू लागली.

पुढे त्या टिळकांकडे नगरला (आता त्याला अहिल्यानगर म्हणतात) परत गेल्या. गेल्या म्हणजे लगेच ख्रिस्ती झाल्या असे नाही. आपली चूल वेगळी, आपले पाणी वेगळे, असे त्यांनी ठेवले. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. मग एके दिवशी त्यांच्याच मनात विचार आला की, माणसांना जाती देवाने कशाला करून दिल्या असतील? हे माणसाचेच काम. तेव्हापासून त्यांचे सोवळे एकेक पायरी उतरत गेले. १९०० साली त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला.

म्हणून काही संसार सोपा झाला नाही. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. आला की दुसऱ्याला देऊन मोकळे. त्यात दुष्काळ आला, प्लेग आला. पोरक्या मुलांना त्यांनी घरात घेतले. आणि हे सगळे लक्ष्मीबाईंनी म्हातारपणी लिहून काढले. त्या पुस्तकाचे नाव ‘स्मृतिचित्रे’. १९३४ सालापासून त्याचे भाग छापून येऊ लागले. अकराव्या वर्षी ज्या बाईला अक्षर येत नव्हते, तिचे पुस्तक आज मराठीतल्या उत्तम पुस्तकांत धरतात.

त्या पुस्तकात इतके दुःख आहे, तरी वाचताना माणूस पुन्हापुन्हा हसतो. लक्ष्मीबाई नवऱ्याच्या विक्षिप्तपणाला हसतात, स्वतःच्या भोळेपणाला हसतात. पण कुणाला जाळत नाहीत. दुःख सांगतात, लपवत नाहीत. मात्र दुःखाच्या शेजारी हसू ठेवतात. यालाच मी आनंद निवडणे म्हणतो.

आता दुसरा शब्द, प्रार्थना. पौल म्हणतो, ती थांबवू नका. हे कसे जमायचे? लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभे राहावे लागते. पाठीवर पाऊस. घरी पोर तापाने फणफणलेले. देवळात जाऊन बसायला वेळ कुणाला आहे? पण प्रार्थनेला देऊळच लागते असे नाही. बाप शेतात नांगर धरतो आणि पोर बांधावर खेळते. पोर मधूनच हाक मारते, ‘बा!’ बा म्हणतो, ‘हां.’ एवढेच. पुन्हा पोर खेळायला लागते. प्रार्थना अशीच असते. एक रोप लावले, एक हाक मारली. ‘देवा, पोराला बरे कर.’ ‘देवा, मला राग आलाय, आवर घाल.’ शब्द मोठे नकोत. हाक खरी पाहिजे.

टिळकांनी हे ओळखले होते. त्यांच्या काळी ख्रिस्ती उपासनेत पुष्कळ गाणी इंग्रजी चालीवर म्हणत. साध्या माणसाच्या जिभेवर ती बसत नसत. टिळकांनी आपल्या मातीच्या चालीवर भजने लिहिली. कीर्तन केले. तुकोबांच्या अभंगांवर त्यांचा फार जीव. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांची भजने मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत अजून गातात. जी प्रार्थना आपल्या बोलीत होते, तीच कामात सोबत येते.

तिसरा शब्द, उपकार मानणे. इथे घोटाळा होतो, म्हणून नीट ऐका.

एकदा असेच बोलत असताना एका मावशींनी मला विचारले, “नवरा दारू पिऊन मारतो. त्याचेही उपकार मानू का?” मी म्हणालो, “नाही, मावशी.” पौलाने लिहिले ते असे की, कशाही वेळी उपकार माना. प्रत्येक गोष्टीबद्दल उपकार माना, असे नव्हे. काळोखात दिव्याचे उपकार मानायचे, काळोखाचे नव्हे.

त्या तुरुंगाच्या गोष्टीचा शेवट अजून सांगायचा राहिला आहे. सकाळ झाली. अधिकाऱ्यांनी निरोप धाडला की, त्या दोघांना सोडून द्या, गुपचूप जाऊ दे. तेव्हा पौल हलेना. तो म्हणाला, “आम्ही रोमी नागरिक. चौकशी न करता आम्हाला चारचौघांत मारले. आता चोरून बाहेर घालवता? त्यांनी स्वतः यावे आणि आम्हाला बाहेर न्यावे.” अधिकारी घाबरले. स्वतः आले. समजूत घालून त्यांना बाहेर नेले. बघा, रात्री ज्याने भजन गायले, त्यानेच सकाळी आपला हक्क मागितला. दोन्ही कामे एकाच माणसाची. उपकार मानणारा माणूस लाचार नसतो.

आपल्या जावळी तालुक्याला हे सांगायला नको. १९६० नंतरच्या वर्षांत कोयनेच्या धरणाचे पाणी चढले आणि आपली गावे त्याखाली गेली. घरे, शेते, देवळे गेली. ज्यांचे गेले, त्यांनी बदली जमीन मागितली. वर्षानुवर्षे मागितली. ते मागतात म्हणून देवाला विसरले, असे कोण म्हणेल? आणि मार खाणाऱ्या बाईसाठी २००५ सालचा कायदा आहे. त्याचे नाव कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा. प्रार्थना करावी, आणि त्या कायद्याचीही मदत घ्यावी. एकाने दुसरे अडत नाही.

मग उपकार मानायचे कशाचे? भाकरीचे माना. त्या एका भाकरीत किती हात आहेत, ते मोजा. कुणी पेरले, कुणी खुरपले, कुणी मळणी केली, गिरणीत कुणी दळले, कुणी थापली. ख्रिस्ती घरात जेवणाआधी डोळे मिटून देवाचे उपकार मानतात, ते यासाठी. पीक निघाले की पुष्कळ मंडळ्यांत पहिल्या पिकातले काही देवापुढे आणून ठेवतात. कुणी भात आणतो, कुणी भोपळा, कुणी अंडी. आपण पेरले खरे, पण उगवण आपल्या हातची नव्हती, हे कबूल करायचे असते.

आणि उपकार नुसते तोंडाने मानून फिटत नाहीत. पंडिता रमाबाईंचे बघा. १८७० नंतरच्या दुष्काळात त्यांचे आईबाप गेले, बहीण गेली. पुढे भाऊ गेला, नवराही गेला. हाती राहिली एक लहान मुलगी. १८८३ साली त्या इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. १८९६ साली मध्य भारतात दुष्काळ पडला. रमाबाई तिथे गेल्या आणि शेकडो बायामुलींना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांनी ‘मुक्ती’ हे आश्रयस्थान उभे केले. त्यांना शिकवले, हाताला काम दिले. आपण भुकेतून वाचलो, तर दुसऱ्याला वाचवायचे, ही त्यांची उपकार फेडण्याची रीत. साध्या बायांना वाचता यावे म्हणून त्यांनी सगळे बायबल सोप्या मराठीत आणले. त्यात त्यांची पुष्कळ वर्षे गेली. १९२१ साली एकुलती मुलगी मनोरमा गेली. तरी रमाबाईंनी काम सोडले नाही. १९२२ साली त्या वारल्या, तोवर ते भाषांतर हातावेगळे झाले होते.

आता शेवटचे, आणि हे तुम्हालाच जमण्यासारखे आहे. कारण तुम्ही आता लिहायला शिकलात. एक साधी वही घ्या. रात्री दिवा मालवण्याआधी तीन ओळी लिहा. पहिल्या ओळीत आजचा आनंद. दुसऱ्या ओळीत देवाला मारलेली हाक. तिसऱ्या ओळीत उपकार. मोठे काही नको. ‘पावसाने उघडीप दिली.’ ‘गाईचा पाय बरा होऊ दे.’ ‘शेजारणीने आमच्या पोरांना जेवू घातले.’ अशा ओळी. मुंबईला माथाडीच्या कामावर गेलेल्या मुलाचा फोन आला, तर तेही लिहा.

एखाद्या रात्री काहीच सुचणार नाही. त्या दिवशी घरात दुखणे असेल, कर्जाचा तगादा असेल, मरण असेल. तेव्हा खोटे लिहू नका. ‘देवा, आज काही सुचत नाही’ एवढेच लिहा. तीही प्रार्थनाच आहे. आणि मग मागची पाने उलटून वाचा. वाईट दिवस चांगल्या दिवसांना विसरायला लावतो. वही विसरत नाही.

चुकले तर चुकू द्या. ऱ्हस्व-दीर्घ कुणी तपासणार नाही. आज रात्री पहिली ओळ लिहा. उद्या वर्गात आणायची असेल तर आणा, नसेल तर घरीच ठेवा. ती तुमची आणि तुमच्या देवाची आहे.