जवानाच्या अंगावरच्या गोळ्या

लढाईला निघालेला पायदळाचा जवान किती गोळ्या नेतो?

अमेरिकी सैन्याचंच बघा.
तिथला नेहमीचा हिशेब 7 मॅगझिनचा.
एकेका मॅगझिनमध्ये 30 गोळ्या.
एकूण 210.

पुष्कळ वाटतात ना?
पण रायफल सलग चालवली,
तर एक मॅगझिन काही सेकंदांतच रिकामं!

मग जास्त का नेत नाहीत?
वजन, श्रोतेहो, वजन.
ही मॅगझिनच भरतात साडेतीन किलोंच्या आसपास.
वर पाणी, हातबॉम्ब, चिलखती जाकीट…
आणि बरेचदा सोबत्याच्या मशीनगनचा पट्टाही.

व्हिएतनाम युद्धाच्या काळात
एम-14 जाऊन एम-16 रायफल आली.
त्यामागेही एक मोठं कारण हेच.
पुन्हा सांगते, वजन.
नव्या रायफलची गोळी जवळपास निम्म्या वजनाची होती.
तेवढ्याच ओझ्यात जवान जवळजवळ दुप्पट गोळ्या नेऊ लागला.