व्यवसायाचा रकाना
(वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसांनी आम्हांस 'समाजातील कर्तृत्ववान पुरुष' या विषयावर बोलावयास सांगितले आहे. कर्तृत्ववानांची छायाचित्रे स्मरणिकेत दरवर्षी येतातच. आम्ही, ज्यांचे छायाचित्र कधी आले नाही अशा एका गृहस्थांविषयी बोलणार आहोत. ते आमच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुंबईतील एका गिरणीत साचेखात्यात विणकर होते.

दि. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढ, बदली कामगारांचा प्रश्न आणि आपल्या पसंतीच्या संघटनेस मान्यता, या त्यांच्या मुख्य मागण्या होत्या. १९४६ च्या कायद्याने बोलणी करण्याचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेस असल्यामुळे पेच सुटेना. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. कोणी गावी जाऊन नांगर धरला, कोणी पडेल त्या अटीवर कामावर रुजू झाले, आणि हजारोंना परत घेतलेच नाही. आमचे भाऊजी या शेवटच्यांतले. (संप योग्य की अयोग्य हा वाद येथे नको, आमच्या घरातच त्यावर दोन पक्ष होते.)

गिरणगावात बायकांनी खानावळी चालविण्याची रीत जुनी. अशा स्त्रियांसाठीच प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले होते. ताईने आठ डब्यांवर आरंभ केला. डबे पोहोचविण्याचे काम भाऊजींकडे आले. आणि जेवणारे होते ते बहुतेक पुन्हा कामावर रुजू झालेले! ज्या फाटकातून हे गृहस्थ मानेने आत जात, त्याच फाटकाबाहेर दोन्ही हातांत डबे घेऊन उभे राहावयाचे. एके काळी त्यांच्याच जागी बदलीवर येणारा एक पोरगा डबा घेताना खाली पाही. पहिले काही महिने भाऊजी डोक्यावरून पंचा घेऊन जात.

महिनाअखेर ताई सारे पैसे भाऊजींच्या हाती देई, आणि दुसऱ्या दिवशी भाजीला त्यांच्याकडून मागून घेई. आम्ही तेव्हा बावीस वर्षांचे. आम्हांस हसू आले.

"ताई, स्वतःचेच पैसे मागून घेतेस?"

ती म्हणाली, "पगाराच्या दिवशी ते पाकीट माझ्या हातात द्यायचे. आता मी देते. त्यात हसण्यासारखं काय आहे?"

आता आमच्या अपराधाकडे येतो. १९९४ साली भाचीच्या लग्नासाठी आपल्याच मंडळाचा वधूवर नोंदणीचा फॉर्म भरावयाचा होता. अक्षर बरे म्हणून लेखणी आमच्या हाती. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात आम्ही 'काही नाही' असे लिहिले. भाऊजींनी कागद वाचला, लेखणी मागितली, आमचे शब्द खोडले आणि गिरवून लिहिले, 'विणकर'.

"मास्तर, काम गेलं. येत होतं ते कुठं गेलं?"

आम्ही निरुत्तर झालो, पण शहाणे झालो नाही. खाडाखोडीचा कागद शोभणार नाही, बंद गिरणीचा विणकर म्हटल्यावर स्थळे यावयाची नाहीत, असा विचार करून आम्ही नवा फॉर्म आणला, त्यात 'खानावळ' असे लिहिले आणि त्यांस न दाखविता पाठवून दिला. पाहावयास आलेल्या मंडळींत वरपित्याने सहज विचारले, "खानावळ कुठं आहे आपली?" भाऊजींनी एकदा आमच्याकडे पाहिले.

"खानावळ हिची आहे," ते म्हणाले. "मी विणकर."

ते लग्न जमले. भाऊजी पुढे आमच्याशी पूर्वीसारखेच वागले. त्या फॉर्मचा विषय मात्र त्यांनी कधी काढला नाही, आणि आम्हांसही धीर झाला नाही. त्यांच्या निधनानंतर ट्रंकेत गिरणीच्या बिल्ल्याशेजारी तो पहिला कागद घडी घातलेला सापडला. ताईच्या संमतीने, मुलीचे नाव झाकून, तो आम्ही संपादकांच्या स्वाधीन केला आहे. जागा असल्यास खाडाखोडीसह छापावा.