मुक्यांची दुखणी



बोलता येते त्याचे दुखणे घरभर होते; मुक्याचे दुखणे पाळणाऱ्यालाच ओळखावे लागते. त्यातून मांजर तर दुखणे लपवून कोपरा धरणारे. तेव्हा ‘सकाळी पाहू’ हे आपले नेहमीचे वाक्य केव्हा चालते आणि केव्हा जिवावर बेतते, एवढाच आजचा विषय.

धडधाकट मोठ्या कुत्र्याने एकदा उलटी केली, एक वेळ अन्न टाकले, पण पाणी पितो, शेपूट हलवितो, तर थोडे थांबावे. लस न टोचलेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब लागले तर मात्र थांबू नये. तो पार्व्हो असू शकतो.

बोका पुन्हा पुन्हा मुतायला बसतो, ओरडतो, पण थेंब पडत नाही. घरची मंडळी म्हणतात, बद्धकोष्ठ झाले. पुष्कळदा मूत्रमार्गच तुंबलेला असतो. रक्तात पोटॅशियम साचून हृदय बंद पडते. एक-दोन दिवसांत खेळ आटोपतो.

भरदार छातीचा मोठा कुत्रा ओकाऱ्या काढतो, बाहेर काही येत नाही, पोट नगाऱ्यासारखे फुगते. हा जठराला पडलेला पीळ. येथे प्रश्न दिवसांचा नसून तासांचा आहे.

एक सोपी परीक्षा सांगतो. हिरडी बोटाने दाबून सोडा. गुलाबी रंग साधारण 2 सेकंदांत परत यावा. हिरडी पांढरी वा निळसर दिसली, किंवा मांजर तोंड उघडून श्वास घेऊ लागले, तर त्याच पावली निघावे.

कुत्र्याच्या अंगचा ताप 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट हा नेहमीचाच. उन्हाच्या तडाख्याने तो 105 च्या वर गेला, तर आधी अंगावर पाणी घालून वारा घाला, आणि मग दवाखाना गाठा.

आपली औषधे त्यांना देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा प्राण घेऊ शकते. उंदराचे विष खाल्ल्याचा संशय आला, तर लक्षणांची वाट पाहू नका. पुष्कळ विषांत रक्तस्राव काही दिवसांनी सुरू होतो, आणि उपाय त्यापूर्वीच करायचा असतो. विषाची पुडी डॉक्टरांना दाखवा.

कोणी म्हणेल, जनावरासाठी एवढा खटाटोप? मुंबईत पशुवैद्यक महाविद्यालय 1886 साली निघाले. म्हणजे ही विद्या आपल्याकडे नवी नाही. नवी करायची ती आपली सवय. रात्री कोणता पशुवैद्य येतो, हे आजच विचारून ठेवा. मध्यरात्री ते मुके जनावर तुमच्याकडे पाहील, तेव्हा पत्ता शोधण्यात वेळ जाता कामा नये.