सगळे मिळून किती?



पहिला पगार खात्यावर जमा झाला की थोड्याच दिवसांत तुम्हाला कर्ज देऊ पाहणाऱ्यांचे फोन सुरू होतील. मोबाइल असो, दुचाकी, लग्न किंवा घर. प्रत्येक ठिकाणी तुमच्यापुढे एकच आकडा ठेवला जाईल, महिन्याचा हप्ता. माझे म्हणणे असे आहे की हा आकडा कर्जाची किंमत सांगत नाही, उलट ती झाकतो. पगारदार घरांची कितीतरी ओढाताण या झाकलेल्या किमतीपासून सुरू होते.

तीस लाखांचे गृहकर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे २६,००० रुपये बसतो. मुदत ३० वर्षे केली की तो २३,००० वर येतो आणि महिन्याला तीन हजार सुटल्याचे समाधान मिळते. पण पहिल्या कर्जाची एकूण परतफेड साडेबासष्ट लाखांच्या आसपास जाते, दुसऱ्याची त्र्याऐंशी लाखांवर. क्रेडिट कार्डात हीच गोष्ट अधिक जवळून दिसते. समजा, कार्डावर ५०,००० रुपये बाकी आहेत, व्याज महिना साडेतीन टक्के आणि किमान देय रक्कम पाच टक्के, म्हणजे २,५०० रुपये. तेवढे भरले की उशिराचा दंड लागत नाही, वसुलीचा फोनही येत नाही. मात्र त्या महिन्याचे व्याज १,७५० आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी ३१५ वजा केला की मुद्दलात जमा होतात फक्त ४३५ रुपये. शिवाय जुनी बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही; आज भरलेल्या किराण्यावरही आजपासूनच व्याज चढते. ‘शून्य टक्के व्याज’ ही तर बोलूनचालून जाहिरात. असे व्याज मुळात अस्तित्वातच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. खरे व्याज प्रक्रिया शुल्कात तरी असते, नाहीतर रोखीवर मिळाली असती त्या सवलतीत.

कर्जाचा कागद न कळल्याने होणारे नुकसान महाराष्ट्राने फार पूर्वी भोगले आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखते हिसकावून जाळली आणि ते लोण पुणे-नगर भागात पसरले. त्यांचा मुख्य रोख त्या खतांवर होता, कारण ज्यावर अंगठा उठवला त्यात काय लिहिले आहे हे अनेकांना वाचताच येत नव्हते. पुढे १८७९ च्या कायद्याने खतावरच्या आकड्यामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. आज तुमच्यासाठी ही सोय कर्ज घेण्याआधीच आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ मुदत कर्जाबरोबर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे बंधनकारक आहे. त्यात शुल्कांसकट धरलेला वार्षिक दर आणि परतफेडीचे वेळापत्रक असते, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. म्हणजे ते मराठीत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. एवढे हातात असूनही शिकलेली माणसे मोबाइलवर न वाचता ‘मान्य आहे’ दाबतात, याचे मला फार वाईट वाटते.

कर्ज घेतल्याशिवाय पत दाखवणारा सिबिल स्कोअर कसा तयार होणार, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण ३०० ते ९०० मधला तो आकडा प्रामुख्याने पाहतो तो तुम्ही वेळेवर फेडता का आणि मर्यादेच्या किती जवळ उधारी नेता ते. व्याज भरून तो सुधारत नाही. दर महिन्याला कार्डाचे पूर्ण बिल भरणाऱ्याचीही पत उत्तम तयार होते. तुमचा पूर्ण अहवाल चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो; तो मागवून चुकीची नोंद असेल तर दुरुस्त करून घ्या.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मुंबई-पुण्यात खोलीचे डिपॉझिट, त्यात गावाकडे आईचे ऑपरेशन. अशा वेळी हिशेब कोण करत बसणार? हे खरेच आहे, आणि नुसता हिशेब मांडून उत्पन्न वाढत नाही. पण गरज तीच असली तरी पैसा कुठून उचलला यावर तिची किंमत पार बदलते. नोकरीतली पतसंस्था किंवा बँकेतले सोनेतारण एकीकडे आणि दोन मिनिटांत पैसे देणारे ॲप दुसरीकडे, यांच्या दरांत मोठी तफावत असते. अडल्या वेळी दर विचारायचे भान राहत नाही, म्हणून आधी कुठे जायचे आणि कुठे अजिबात जायचे नाही, हे हात मोकळा असतानाच घरात बसून ठरवायला हवे. ज्यांच्या नावावर शैक्षणिक कर्ज आहे त्यांनी तर आजच पाहावे: हप्ते सुरू होण्याआधीच्या काळातही व्याज साचते आणि पुढे मुद्दलात मिसळते. जमेल तसे निदान व्याज भरत राहिले तरी ते मिसळणे टळते.

आणखी एक सही लवकरच तुमच्याकडे मागितली जाईल, मित्राला किंवा चुलतभावाला जामीन राहण्याची. १८७२ च्या करार कायद्यानुसार, करारात वेगळे काही नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि कर्जदाराने थकवले तर तुमचीही पत खालावते. नाते जपायचे म्हणून लगेच होकार देऊ नका. त्याच्या कर्जाचे विवरण मागा, सगळे मिळून किती परत करायचे तो आकडा पाहा आणि तेवढी रक्कम स्वतः भरायची तयारी असेल तरच सही करा.