विरघळणारा धागा

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



ड्रेसिंग बदलताना नर्स जुनी गॉझ आधी सलाइनने भिजवते, मग हळूहळू सोडवते. तरी रुग्ण कळवळतोच. सुती गॉझ जखमेतली लस शोषून घेते, वाळते आणि तिच्या जाळीत नवं मांस भरून येतं. मग कापड ओढलं की ते कोवळं मांसही त्याबरोबर येतं. काल शरीराने भरून काढलेलं आज आपण उसवतो.

जखमेला काय बांधावं, हा विचार आपल्याकडे जुना आहे. सुश्रुतसंहितेत बंधांचे 14 प्रकार आहेत आणि बांधायच्या साहित्यात जवसाच्या धाग्याचं, कापसाचं, लोकरीचं, रेशमाचं कापड आहे, झाडाची अंतर्साल आहे. पहिल्या महायुद्धात कापूस स्फोटकांकडे वळला, तेव्हा ब्रिटनने दलदलीतलं स्फॅग्नम शेवाळ पिशव्यांत भरून सैनिकांच्या जखमांवर बांधलं. 1918 पर्यंत अशी ड्रेसिंग महिन्याला सुमारे 10 लाख निघत होती. पण या साऱ्यांची धाव शोषून घेण्यापर्यंतच.

आज मला सांगायचं आहे ते समुद्रातल्या धाग्याबद्दल. स्कॉटलंडच्या बेटांवर किनाऱ्याला लागलेलं तपकिरी शैवाल जाळून राखेतून आयोडीन आणि क्षार काढत. बाकी सगळं धुरात जाई. एडवर्ड स्टॅनफर्ड या रसायनतज्ज्ञाला ही नासाडी खटकली. सोड्याच्या पाण्यात शैवाल मुरवून त्याने एक चिकट द्रव्य वेगळं काढलं आणि 1881 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तेच अल्जिन. त्याचा धागा व्हायला मात्र आणखी अर्धशतक जावं लागलं. लीड्स विद्यापीठात स्पीकमन यांनी तो काढला. सोडियम अल्जिनेटचा दाट द्राव बारीक भोकांच्या तोटीतून कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडला की प्रत्येक धार तिथल्या तिथे गोठून तंतू होते.

धागा सुंदर होता, पेटही घेत नव्हता. पण साबण-सोड्याच्या पाण्यात तो चक्क विरघळून जाई! धुतल्यावर नाहीसा होणारा सदरा कोण विकत घेणार? मग गिरण्यांनी त्याला दुय्यम काम दिलं. विणताना आधाराला घालायचा आणि नंतर धुऊन काढून टाकायचा. आमच्या वस्त्रोद्योगाच्या वहीत हा धागा नापास. 1940च्या दशकात जॉर्ज ब्लेन या डॉक्टरने मात्र त्याचे शस्त्रक्रियेतले उपयोग तपासले. शरीरात मुरून जाईल असा धागा डॉक्टरांना हवाच होता.

तरीही अल्जिनेट ड्रेसिंग लगेच सगळीकडे गेलं नाही, कारण जखम कोरडी ठेवावी, खपली धरू द्यावी, हीच तेव्हाची समजूत होती. 1962 मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकराच्या पिलांवर प्रयोग करून दाखवलं की, पातळ प्लॅस्टिकखाली ओलसर राहिलेल्या जखमेवर उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने कातडी येते. इथे सगळा हिशेब फिरला. 1983 मध्ये सॉर्बसन हे अल्जिनेट ड्रेसिंग ब्रिटनच्या बाजारात आलं.

ते काम कसं करतं पाहा. लशीत सोडियम असतं, धाग्यात कॅल्शियम. दोघांची अदलाबदल होते. सुटलेलं कॅल्शियम रक्त गोठायला मदत करतं. सोडियम आत शिरल्यावर तंतू फुगतो आणि त्याची ओलसर जेली होते. वजनाच्या 15 ते 20 पट लस तो धरून ठेवतो. काढायच्या वेळी जखमेला चिकटेल असं कापडच उरलेलं नसतं. साबणाच्या पाण्यातला दोष तो हाच.

शैवालातही जात असते बरं का. अल्जिनेट दोन शर्करांच्या आम्लांचं बनतं, मॅन्युरॉनिक आणि ग्युल्युरॉनिक. पहिलं जास्त असेल तर जेली मऊ, सलाइनने धुऊन निघते. दुसरं जास्त असेल तर घट्ट, अख्खी उचलता येते. हे प्रमाण जातीवर, ऋतूवर, अगदी देठ घेतला की पान यावरही बदलतं. म्हणून ‘नैसर्गिक आहे, म्हणजे चांगलंच’ हे वाक्य ऐकलं की मला चीड येते. किनाऱ्यावरचं शैवाल उचलून जखमेवर ठेवाल तर जंतुसंसर्ग होईल. शुद्धीकरण, निर्जंतुकीकरण, प्रत्येक घाण्यात तोच दर्जा, खरं काम हे आहे. शिवाय हे ड्रेसिंग वाहत्या जखमेचं. कोरड्या जखमेवर ते उलट ओल ओढून घेतं.

कोळंबीच्या टरफलातल्या कायटिनपासून मिळणाऱ्या कायटोसानचं थोडक्यात सांगतो. त्याचा धन प्रभार तांबड्या पेशींना ओढून घेतो, रक्त थांबतं. 2002 मध्ये अमेरिकेत अशा पट्टीला मान्यता मिळाली आणि ती इराक, अफगाणिस्तानच्या युद्धांत सैनिकांसाठी वापरली गेली.

आणि आपलं मुंबईचं उदाहरण मला या सगळ्यांहून आवडतं. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांसाठी केळीच्या पानाचं ड्रेसिंग केलं. पान खळीने बँडेजच्या कापडावर चिकटवायचं आणि निर्जंतुक करायचं. त्याआधी वाडिया रुग्णालयात डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली वापरून पाहिल्या होत्या. पानाचा पृष्ठभाग गुळगुळीत, मेणचट, त्यामुळे ते अलगद निघतं. केळीचं पान लस शोषत नाही, अल्जिनेट भरपूर शोषतं. न चिकटण्यात मात्र दोन्ही सारखीच.

आपल्या कोकणच्या खडकांवर सरगॅसम हे अल्जिनेट देणारं तपकिरी शैवाल उगवतं. कोळंबी तर आपण सोलतोच. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, आधी वर्षभर दर महिन्याला एकाच खडकावरचं सरगॅसम आणा आणि त्या दोन आम्लांचं प्रमाण मोजा. तोटी नंतर विकत घेऊ.