माथ्यावरच्या बाईला विचारलं का?

(पाणलोट क्षेत्रात काम करणाऱ्या महिला गटांच्या शिबिरात केलेलं भाषण)



पाणलोटाचं काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचं, हे आता आपल्याला पाठ झालंय. आधी डोंगरावर समतल चर, मग शेतांची बांधबंदिस्ती, शेवटी नाल्यावर बंधारे. वर माती अडवली नाही तर खालचे बंधारे गाळाने भरतात. शास्त्र बरोबरच आहे. पण माथ्यावर नुसती माती नसते, तिथे जगणारी माणसंही असतात. झळ त्यांना लागते आणि पाणी वाढतं ते खालच्या विहिरीवाल्याचं.

समाजकार्याचं शिक्षण संपवून मी या कामात आले, तेव्हा पहिल्या गावात देवळात बैठक घेतली. चराईबंदीचा ठराव एकमताने झाला. एकमत म्हणजे पुरुषांचं. दुसऱ्या दिवशी एका भूमिहीन बाईने मला वाटेत गाठलं. म्हणाली, "ताई, माझ्या सहा शेरडांनी खायचं काय? ती इकली तर अडीनडीला मी काय इकू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेळ्या हीच तिची शिल्लक होती.

मग पुन्हा बसलो. या वेळी बायकांबरोबर, रात्री जेवणंखाणं उरकल्यावर. मार्ग त्यांनीच काढला. सगळा डोंगर एकदम बंद करायचा नाही, पाळीपाळीने एकेक तुकडा बंद करायचा. बंद तुकड्यातलं गवत कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीनांचा. ठराव बदलला. पण तोवर त्या बाईने दोन शेळ्या विकल्या होत्या. ही चूक आमची होती.

निसर्गाला धरून शेती करायची म्हटलं तरी हेच घडतं. शेण गोळा करणं, दशपर्णी अर्कासाठी पाला आणणं ही कामं कोण करतं? तणनाशक थांबलं की खुरपणी वाढते, ती कोणाच्या कमरेवर? म्हणून विषारी फवारण्या चालू ठेवा, असं मी म्हणत नाही. त्या थांबायलाच हव्यात. पण प्रशिक्षणाचं बोलावणं जातं सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे देशात शेतजमिनीच्या वहिवाटदारांमध्ये बायका सुमारे १४ टक्केच आहेत.

वेगळा हिशेब करता येतो. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायतीचं काम सुरू केलं. तिथे पाणी जमिनीप्रमाणे नाही, माणशी वाटलं. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, भूमिहीनांनाही वाटा आणि उसाला बंदी. म्हणजे वाटणीत घरातली बाईही मोजली गेली. अलीकडे मराठवाड्यात स्वयं शिक्षण प्रयोगाच्या गटांतल्या बायकांनी घरच्या रानातला एकरभर तुकडा मागून घेतला. तिथे काय पेरायचं ते त्या ठरवतात. त्यांनी घरच्या ताटासाठी डाळी, धान्य, भाजी अशी मिश्र पिकं घेतली. मोजलं जाणं ही पहिली पायरी, ठरवणं ही दुसरी.

म्हणून गावी गेल्यावर पाणलोट समितीच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. डोंगर बंद झाला तर कोणाची चूल अडेल? वाढलेलं काम कोण करणार आणि त्याची मजुरी किती? वाढलेल्या पाण्यात भूमिहीन बाईचा वाटा कुठे लिहिला आहे? उत्तरं मिळेपर्यंत ठरावावर सही करू नका. अंगठाही उठवू नका.