कचेरीतील वीज आणि आम्ही



कचेरीतील संगणकांची देखभाल करणारे आम्ही लोक. वीज गेली की पहिली हाक आम्हांला. जणू ती आमच्या खिशातच असते! १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, तेव्हा निदान सारे शहर साक्षीला होते. एकाच खोलीची गेली म्हणजे आरोपी आम्हीच.

हिशेब साधा आहे. २३० व्होल्टच्या, ६ अँपिअरच्या सर्किटवर सुमारे १३८० वॉटचा भार चालतो. चार संगणक त्यावर सुखाने नांदतात. मग कोणीतरी १५०० वॉटची चहाची किटली त्याच बोर्डाला जोडतो. ती एकटीच भारी. थोड्या वेळाने एमसीबी पडतो. पडणे हेच त्याचे काम. पण साहेब म्हणतात, "अहो, मोठा बसवून टाका!" मोठा बसवला तर चहा होईल, भिंतीतील तार मात्र तीच, बारीक. ती आतल्या आत तापते, वेष्टण वितळते, आणि आग लागेपर्यंत कोणाला कळत नाही. म्हणून आम्ही 'नाही' म्हणतो, आणि उर्मट ठरतो.

किटलीसाठी वेगळी जाड तार ओढावी, एवढाच आमचा अर्ज असतो. तो बहुधा पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात जातो.